माझ्या दम्याची फाईल

५ मे १९८१, मंगळवार

आली! पुन्हा ऑर्डर आली. प्रमोदिनीला बढती — लेखाधिकारी, मुक्काम शिमला. होकार की नकार, पंचवीस तारखेच्या आत लेखी कळवायचं. दर पाच वर्षांनी भारत सरकारला माझा संसार मोडायची हुक्की येते!

एकाहत्तर साली शिमलाच होतं. शहात्तरला ग्वाल्हेर. दोन्ही वेळा नकाराचं इंग्रजी पत्र मी टाइप करून दिलं आणि पेन्सिलीची फुली असेल तिथे हिने सही केली. काय कारणं दिली होती ते आता आठवत नाही. भाषा उत्तम होती एवढं आठवतं. बावीस वर्षांच्या नोकरीत हिचा एकही अर्ज माझ्या हाताखालून गेल्याशिवाय कचेरीत गेलेला नाही. आकडे तिचे, भाषा माझी. ठरून गेलंय.

संध्याकाळी म्हटलं, "टाइपरायटर काढू का?"

पोळी लाटता लाटता म्हणाली, "राहू द्या. या वेळी विचार करते."

विचार! हा नवीनच प्रकार.

७ मे

झोप नाही. गरमी, आणि ही.

हा सरोजिनी नगरचा क्वार्टर हिच्या नावावर आहे. मी पुण्याच्या एका दैनिकाचा दिल्लीतला वार्ताहर — मंत्री बंगले सोडत नाहीत म्हणून अग्रलेखाला दारूगोळा पुरवणारा — आणि स्वतः अठरा वर्षं बायकोच्या सरकारी घरात! ही वर गेली की दोन महिन्यांत घर खाली करायचं. म्हणजे बढती तिला आणि बेदखली मला.

अलकाला वाटलं निदान दुःख होईल. एकवीस वर्षांची घोडी, एम. ए.ला आहे. म्हणाली, "जाऊ दे ना यार बाबा आईला! आपण लाजपत नगरला बरसाती घेऊ. छतावर झोपायचं. मजा!" बापाला यार! बरसाती म्हणजे गच्चीवरची एकुलती खोली, आणि छताला मराठीत गच्ची म्हणतात, हे पुन्हा एकदा सांगावं लागलं.

९ मे, शनिवार

"अहो, आपण एकदा बघून येऊ शिमला. दोघंच."

दोघंच! लग्नाला चोवीस वर्षं झाली; दोघंच असे आम्ही फक्त रेशनच्या रांगेत उभे राहिलेलो आहोत.

म्हटलं, "बघायचं काय त्यात? स्थळ आहे का? मुलगी चहा घेऊन येणार, तू तिला सुई ओवायला लावणार?"

"मुलगी नाही. मीच आहे मुलगी. पसंत पडते का बघायचं."

पन्नाशीला दोन वर्षं कमी असलेली मुलगी! हसलो नाही. खरं म्हणजे हसू आलं होतं, पण मी रागावलेलो होतो.

१० मे

हो म्हणून बसलो. का, ते फक्त या वहीला सांगतो.

मी साऱ्या प्रवासाची व्यवस्था माझ्याकडे घेतली आहे. ही म्हणत होती, निदान वरच्या छोट्या गाडीला फर्स्ट क्लास काढू. म्हटलं, कशाला? उधळपट्टी! रात्री कालकापर्यंत जनरलचा डबा. तिथून वर दुसऱ्या वर्गाचे लाकडी बाक. मुक्काम धर्मशाळेत, आणि धर्मशाळाही चौकशी करून अशी निवडली आहे की रस्त्यापासून शंभरावर पायऱ्या. हिचे गुडघे दिल्लीत दुसऱ्या मजल्याला कुरकुरतात. सात हजार फुटांवर ते काय करतील ते सरकारला दिसेलच.

नीच आहे मी. पण हा नीचपणा स्वस्तात होतो आहे.

नकाराचं पत्रही टाइप केलं. 'कौटुंबिक अडचणींमुळे' — तेवढंच, मोघम. फुली मारली. थकून बसेल तेव्हा पुढे करायचं.

१२ मे

करोल बागेत माकडटोपी मागितली. दुकानदार थर्मामीटरकडे बघावं तसा माझ्याकडे बघत राहिला. बेचाळीस डिग्री! "बाऊजी, अभी?" पोरगं पाठवून कुठल्यातरी गोदामातून एक आणवली. डांबराच्या गोळ्यांचा वास येतोय.

हिने दशम्या केल्या आहेत, शेंगदाण्याची चटणी, आणि गुणगुणते आहे. गुणगुणते आहे!

१४ मे, गुरुवार. शिमला.

पोचलो. जे घडलं ते क्रमाने लिहितो, कारण यावर मलाच विश्वास बसत नाही.

जनरलच्या डब्यात शिरल्या शिरल्या एका सरदारणीने हिला "आओ बहनजी" म्हणून खिडकीजवळ ओढून घेतलं. पानिपत यायच्या आत ही तिच्या खांद्यावर डोकं टाकून गाढ. मी पहाटेपर्यंत उभा. एका पायावर, कारण दुसऱ्यावर कोणाची तरी ट्रंक.

कालकाला छोट्या गाडीत बसलो. बाक लाकडीच होते, त्यात काही फसवणूक नव्हती. पण ही बसलीच नाही! सारा वेळ खिडकीतून अर्धी बाहेर. बोगदे मोजायला घेतले. मोठ्याने! "एकोणीस! अहो, वीस!" डब्यातली सगळी माणसं तिच्याबरोबर मोजायला लागली. बत्तीस, तेहतीस म्हणेपर्यंत बडोगचा तो पाऊण मैल लांबीचा बोगदा आला. काळोखात मी खिशातलं पत्र चाचपून पाहिलं. बाहेर पडलो तर समोर बडोग स्टेशन, पुरी-भाजी आणि हिचं तोंड — लाल, कुरळे केस कपाळावर. असं तोंड मी कधी पाहिलं होतं? आठवेना. पत्र आतच राहिलं.

सोलनच्या पुढे वळणांनी मळमळायला लागलं. मला! तिला लागायला हवं होतं. माकडटोपी घालून डोळे मिटून बसलो, तर समोरचा पोस्टातला गृहस्थ हिला हळूच विचारतो, "भाईसाहब बीमार हैं क्या?"

"नहीं जी," ही म्हणाली. "नाराज हैं."

धर्मशाळेच्या पायऱ्या एकशे बारा. मी चार ठिकाणी टेकलो. ही वर जाऊन, खोली झाडून, परत खाली आली आणि माझ्या हातातली पिशवी घेऊन गेली.

"तुझे गुडघे?" मी विचारलं. विचारायला श्वास शिल्लक होता तेवढाच.

"काय माहीत! इथे दुखतच नाहीत."

पाठशाळेत असताना शास्त्रीबुवांनी बारा महिने एकच अनुमान घोकून घेतलं — पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. आज खरा पर्वत पाहिला. घरोघरच्या चुलींचा खरा धूर पाहिला. अग्नी मात्र माझ्या माथ्यात!

१५ मे, शुक्रवार

अपमान. अपमान. अपमान.

ही म्हणाली, आलोच आहोत तर कचेरी बघून येऊ. तिथे कुमुद सबनीस आहे — हिची दिल्लीतली जुनी मैत्रीण. एकाहत्तर साली हिने नाकारलेली हीच जागा कुमुदने घेतली. आता या जुलैत ती रिटायर होते आहे आणि तीच खुर्ची पुन्हा रिकामी.

पोचलो तर कुमुद दारातच उभी. मला पाहून चेहरा अगदी गंभीर केला. "या भावोजी! दमा कसा आहे?"

दमा? कोणाचा?

उत्तर द्यायच्या आत तिथले वरिष्ठ, ठाकुरसाहेब, धावत बाहेर आले. हिमाचली, साठीला टेकलेले, कानावर मफलर. मला दोन्ही दंडांना धरलं, जसं काही मी काचेचा! "अरे, भाईसाहब को चढ़ाई क्यों करवाई? कुर्सी लाओ! धूप में! गरम पानी!"

मी खुर्चीत. अंगावर कोणाची तरी शाल. हातात गरम पाण्याचा पेला. सगळा सेक्शन दाराशी, मृत्युपत्राच्या वाचनाला जमल्यासारखा.

मग उलगडा झाला. टेबलावर हिची फाईल होती, आणि फाईलमध्ये माझी दोन पत्रं. माझीच! माझी वाक्यं, माझे स्वल्पविराम! एकाहत्तर सालचं — 'पतीस दम्याचा जुना विकार असून समुद्रसपाटीपासून अधिक उंचीवर वास्तव्य त्यांच्या जीवितास धोकादायक ठरेल.' आणि शहात्तर सालचं, ग्वाल्हेरचं — 'पतीच्या प्रकृतीस उष्ण हवामान सर्वथा प्रतिकूल.'

ठाकुरसाहेबांनी चष्मा काढला. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. "ठंड भी नहीं, गर्मी भी नहीं। कितना कष्ट है आपको! और देखिए, मैडम ने दो-दो प्रमोशन छोड़ दिए आपकी सेवा में। आजकल कौन करता है?"

मी म्हणणार होतो की साहेब, मी ठणठणीत आहे, संसदेच्या पायऱ्या रोज चढतो. तोंड उघडलंसुद्धा! तेवढ्यात हिच्याकडे नजर गेली. ही फाईलवर हात ठेवून नुसती उभी. आणि लक्षात आलं — मी बरा असलो तर हिने दोनदा सरकारला खोटं लिहून दिलं असं होतं. सही हिची आहे. माझी कुठेच नाही.

म्हणून मी खोकलो.

ज्या माणसाने आणीबाणीतसुद्धा खोटी बातमी पाठवली नाही, तो सात हजार फुटांवर उन्हात बसून भारत सरकारपुढे खोटा खोकला! आणि वाईट खोकला. कुमुदने पदराआड तोंड लपवलं.

ठाकुरसाहेबांनी स्वतःच्या हाताने पाठ चोळून दिली.

त्याच दिवशी, नंतर

कुमुदकडे जेवलो. भात शिजायला इथे फार वेळ लागतो. त्या वेळात तिने मला सोलून काढलं.

"भावोजी, मी तुमची दोन्ही पत्रं नव्या पोरांना वाचायला देते हं. नकार कसा लिहावा याचा नमुना म्हणून. ती वाचून तीन बायकांनी बढत्या सोडल्या."

"तीन?"

"तिघींचे नवरे धडधाकट!"

प्रमोदिनी हसली नाही. ताटातली वाटी फिरवत बसली. मग कुमुदला विचारलं, "पहिल्या वर्षी जड गेलं का गं?"

"पहिली थंडी रडून काढली. दुसऱ्या थंडीत कळलं, की संध्याकाळी सहानंतर मला कोणी काही मागत नाही. चहा हवा तर माझ्यापुरता. नको तर नको. मला वाटलं होतं भीती वाटेल." कुमुद बिनलग्नाची आहे. म्हणाली, "पण तुझं वेगळं आहे. तुझा जीव अडकतो."

माझ्यासमोर! मी काय तिथे फडताळात ठेवलेलो होतो?

वर, कुमुदने आपल्या कचेरीतला किस्सा सांगितला त्यात ठाकुरसाहेब म्हणाले म्हणे, की या बाईंनी एका दुपारी आमच्या तीन वर्षांच्या अडकलेल्या हिशेबतपासणीच्या आक्षेपांची यादी पाहून सांगितलं की पहिला निकाली काढा, बाकीचे आपोआप पडतील. कधी? तर मी उन्हात खोकत होतो तेव्हा! चोवीस वर्षं माझ्या घरात राहते आहे ही बाई. ही असं काही करते, हे मला कुमुदकडून कळावं!

तिच्या घरात राहतो आहे मी. तेही लिहायचं राहू नये.

१६ मे

जाग आली तर शेजारी कोणी नाही. घाबरलो. शाल गुंडाळून दाराशी उभा राहिलो तोच ही वरून येताना दिसली. वरून! जाखूच्या टेकडीवर जाऊन आली म्हणे, मारुतीचं दर्शन घेऊन. एकटी. माकडांनी प्रसाद पळवला, ते हसून हसून सांगत होती. "बर्फाचे डोंगर दिसतात अहो! एक क्षण ढग सरकला." मला उठवलं का नाहीस म्हटलं, तर म्हणते, "तुम्हाला दमा आहे ना!"

मग कुमुदची खोली नीट पाहिली. तिच्यानंतर तीच मिळेल. प्रश्नांवर प्रश्न! पाणी किती वाजता येतं, ऊन कुठल्या खिडकीला, कोळसा कुठे मिळतो, छप्पर गळतं का. घरमालकीण डोंगरी बाई, हिचं हिंदी अजून मराठी वळणाचं, पण दोघींचं जमलं. शेवटी हिने पावलांनी खोली मापली आणि विचारलं, "दो खटिया आ जाएँगी?"

अलका सुट्टीत येईल तेव्हाची सोय. आईचा जीव. मी गॅलरीत उभा राहून दरीकडे पाठ केली. दरीने माझं काय बिघडवलं होतं, देव जाणे!

दुपारी माल रोडवर एका बाकावर बसलो. ही खरोखर दमलेली होती, चपला काढून पाय पोटाशी घेऊन बसली होती. मी ज्या क्षणासाठी तीन दिवस पत्र घेऊन हिंडत होतो तो क्षण हाच. मी हात आत घातला.

"काय शोधताय?"

"रुमाल."

ती गेली आणायला भाजलेले शेंगदाणे. मी पत्र काढलं, चार तुकडे केले. टाकायला जागा नाही — इथे कचरा टाकला तर दंड, अशी पाटी. तुकडे परत खिशात. माणसाला स्वतःचा निश्चयसुद्धा इथे खाली टाकता येत नाही!

१७ मे

परतीची गाडी. बोगदे कोणी मोजले नाहीत.

१८ मे, सोमवार. दिल्ली.

त्रेचाळीस डिग्री. नळाला पाणी नाही. लू अशी की दार उघडलं तर भट्टीचं तोंड उघडल्यासारखं. आणि ही? कचेरीत गेली. डबा घेऊन, बस पकडून, नेहमीसारखी. शिमल्याबद्दल अवाक्षर नाही. गुडघा पुन्हा कुरकुरतो आहे. जिन्यात ऐकू आलं.

अलका विचारते, "आईने काय डिसाइड केलं?" मला काय विचारतेस! मी या घरात प्रकृती बिघडलेला माणूस आहे.

२१ मे

शिमल्याला कोणी वार्ताहर ठेवतं का, याची चौकशी केली. अपमान बाजूला ठेवून! एका बातमीदाराने दुसऱ्या बातमीदाराला विचारावं तसं, सहज. इंग्रज होते तेव्हा उन्हाळ्यात अख्खं सरकार शिमल्याला जायचं आणि वार्ताहरही मागोमाग जायचे. मी चाळीस वर्षं उशिरा जन्मलो. आता सरकार इथेच उकडत बसतं आणि मीही.

अजूनही एक शब्द नाही. चार दिवस राहिले!

२४ मे, रविवार

आज मी मोठेपणा केला. इतरत्र कुठे नोंद होणार नाही, म्हणून इथे.

दुपारी दोघी झोपल्यावर टाइपरायटर काढला आणि होकाराचं पत्र लिहायला बसलो. आपणहून! नकार मी दहा मिनिटांत लिहीत असे. याला चार तास लागले. होकाराची भाषाच माझ्याकडे नाही. 'सदर पदोन्नती स्वीकारण्यास' — पुढे काय? आनंद होत आहे? कोणाला? खोडलं. 'पतीची प्रकृती आता पूर्णपणे सुधारली असून' — लिहिलं, आणि कान गरम झाले. तेही खोडलं. मग नुसतंच बसून राहिलो. पंख्याचा आवाज येत होता. आत ही झोपली होती, पदर तोंडावर घेऊन.

एकाहत्तर साली हिला जायचं होतं का, हे मी विचारलं होतं? आठवून पाहिलं. टाइपरायटर काढू का, एवढंच विचारलं होतं.

शेवटी अर्ध्या पानाचं जमलं. भाषा तितकीशी उत्तम नाही. फुली मारली नाही. सही कुठे करायची ते तिला कळतं.

उद्या सकाळी देणार.

२५ मे, सोमवार

दिलं. तिने उभ्या उभ्या वाचलं, दोनदा. घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

"छान लिहिलंय. पण मी आठ तारखेलाच दिलंय होकाराचं. माझं मी लिहिलं, तीन ओळी. त्याशिवाय माझी फाईल शिमल्याला जाईल का? बावीस वर्षं माझी पत्रं लिहिताय, एवढं नाही लक्षात आलं?"

"मग मला कशाला नेलंस? बघायचं काय राहिलं होतं?"

"मी जाणारच आहे. तुम्हाला यायचंय का, ते बघायचं होतं."

नऊची बस पकडायला गेली. मला उत्तर द्यायला किती दिवसांची मुदत, ते सांगितलं नाही.